भज्याच्या गाळातलं तेल

त्या दिवशी बोडीच्या, म्हनजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर आमी सहा झन होतो. सुमन, वच्छला, पारबता, पारबताची सून रेखा, मी, अन् तो. सातवं कोनी नव्हतं. हे पयलेच सांगून ठेवतो, कारन आता गावात ज्याले त्याले वाटते का आपन तिथं होतो. कोनी म्हनते इंजिनाले आग लागली, कोनी म्हनते मोठा आवाज झाला. आग-गिग काई लागली नाई. इंजिन खोकललं अन् बंद पडलं, एवढंच झालं. पन त्या एवढ्यात एका मानसाचं नाव गेलं. ते कसं गेलं हे त्या सहातल्या दोघाइलेच माईत होतं, अन् त्यातला एक आता नाई.

त्याचं नाव मी लिहत नाई. गावात सारे त्याले इंजिनवाला बुवा म्हनत. तो माह्या मायेरचा, आंबागडचा, किल्ल्याच्या खालचा. म्हून मले बाई म्हने अन् मी त्याले भाऊ. वयानं माह्याहून चार-पाच वर्सं लहानच, पन पाठ अशी वाकली होती का दोघं संग चाललो तं लोकं त्यालेच मोठा समजत.

तुमी त्याले पाह्यलं असन तं चुलीपुढं बसलेलाच पाह्यलं असन. चुलीवर तवा तापलेला, हातात चमचा. चमच्यातला एक थेंब तेल तव्यावर टाके, डोळे बंद करे अन् कान खाली ने. थेंब तडतडला का म्हने, "बोलून राहिलं अजून." म्हनजे तेलात पानी हाय. मंग डब्बा उचलून कोपऱ्यात ठेवे अन् चार दिवस त्याच्याकडं पाहे नाई. ज्या दिवशी थेंब तव्यावर पडून नुसता धूर देई, आवाज काईच करे नाई, त्या दिवशी म्हने, "चूप झालं. आता चालते."

त्याच्या घरात बोलाले दुसरं कोनी नव्हतं. बायको जुन्या गावातच गेली, लेक कोंढ्याले देल्ली. म्हून तेलाशीच बोलत असन.

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरनाच्या पान्यात गेलं. आमी ढिवर लोकं, मासोळी धरनारे. दारासमोर नदी, काठाले डोंगा बांधलेला, असं आमचं राहनं. नव्या गावात सिमेटाचा रस्ता, ओळीनं घरं, घराइवर नंबर. नदी दीड कोस. माह्या मालकाले ते काई मानवलं नाई, दोन वर्सात तो गेला. मंग मी रोडवरच्या एका हाटेलात भांडे घासाले लागली. धरन पाहाले लोकं येत, त्याइले भजे अन् तळलेली मासोळी लागे. दोन मोठ्या कढया दिवसभर चढलेल्या राहत.

जळलेलं तेल न्याले एक गाडीवाला ये. तो वरचं वरचं ने. खाली राहे तो गाळ. काळा, काकवीवानी जाड, त्यात बेसनाचा जळका चुरा अन् मासोळीचं काय काय. तो कोनी ने नाई. मी तो मांगच्या नालीत टाकत होती. नाली तुंबली का मलेच काठीनं मोकळी करा लागे, अन् त्याचा वास असा का घरी येऊन आंग धुतलं तरी जाये नाई. सून म्हने, माय, तुमी आल्या का मले भज्याची भूक लागते.

एक दिवस हा भाऊ सायकलवर आला. दोन्ही बाजूनं दोन डब्बे लटकवलेले. म्हने, "बाई, ते नालीत नोको टाकू. मले दे."

मी म्हनलं, कायले, म्हशीले घालतं का?

"म्हशीले नाई. इंजिनाले."

मले वाटलं, एकटं राहून राहून भावाचं डोकं गेलं. डब्बे भरून देल्ले.

पन डोकं गेलं नव्हतं. तो जवानपनी राईसमिलमदी इंजिन चालवे. मिल बंद पडली तेव्हा मालकानं त्याले ते जुनं काळं इंजिन देऊन टाकलं. हातानं फिरवून चालू कराचं, उभं बैलावानी. ते इंजिन काईबी पचवते, असं तो म्हने, फक्त पानी अन् खडे पचवत नाई.

म्हून तो गाळातलं पानी अन् खडे काढे. कसं काढे ते सांगतो, कारन मांगून लोकाइनं त्याले गटाराचं तेल म्हनलं, अन् ते गटाराचं नव्हतं.

गाळ मोठ्या डब्ब्यात टाकाचा, वरून दुप्पट पानी अन् मूठभर मीठ. धानाच्या भुशाची आच लावाची, हळू हळू. उकळू द्याचं नाई, नाईतं आंगावर उडते. त्याच्या हातावर असे बारके पांढरे डाग होते, तीळ सांडल्यावानी, ते त्याचेच. गरम झालं का चुरा खाली बसे, तेल वर ये. ते पळीनं काढाचं, जुन्या लुगड्याच्या कापडातून गाळाचं, अन् त्या कापडाची गाठोडी टिनावर उन्हात टांगाची. दिवसभर थेंब थेंब गळे. मंग ते सारं एका ड्रमात टाकून आठ-दहा दिवस तसंच ठेवाचं. हालवाचं नाई, उघडाचं नाई. म्हने, "बसू दे त्याले. घाईनं काई बसत नाई." मंग रबराची नळी वरून एक वीत खाली सोडाची अन् वरचंच तेल ओढून घ्याचं. खालची वीतभर जागा कधीच घ्याची नाई. मंग तव्यावरचा थेंब. मंग अर्धं डिझल, अर्धं हे.

अन् कापडात जो चुरा राहे तोबी फेके नाई. शेनात कालवून गोवऱ्या थापे. अशा गोवऱ्या तुमी जाळल्या नसन. एकीत डाळ शिजे. त्या तो शेजारपाजारच्या बायाइले देऊन टाके, अन् कोनी काई देल्लं तं म्हने, शेन तुमच्याच गाईचं हाय.

इंजिन चालू झालं का साऱ्या शिवारात भज्याचा वास. कुत्रे येऊन बसत, गोल करून, जशी पंगतच. भुकत नाईत, नुसते वाट पाहत. वच्छला हसून हसून लोळे. सुमननं एकदा टोमना मारला का बुवा, तुमच्या इंजिनाले कांदा-निंबू देऊ का वाढून? तो हँडल पुसत होता, मान वर न करता म्हने, "मासोळीचा दिवस राहिला तं निंबू देजा. आज भजे हायेत."

सुमन आमच्या गटाची मुख्य. बायाइचा गट, बारा जनी. ग्रामपंचायतीची एक बोडी आमाले मिळाली होती मासोळीचं बीज वाढवाले. लहान बीजाले आमी जिरा म्हनतो, कारन ते जिऱ्यावढंच राहते. जिरा आनाचा, बोडीत सोडाचा, बोटाएवढा झाला का बाकीच्या तलाववाल्याइले द्याचा. नदी गेली तेव्हापासून आमच्या मानसाइले काम नव्हतं, बायाइच्या हाताले हे एक काम आलं. बारा घरं त्या बोडीकडं पाहून होते.

त्या वर्सी पयला पानी बरा आला. आमी जिरा सोडला. अन् मंग पानी गेला तो गेलाच. ऊन असं का जेठातबी नव्हतं. बोडी रोज चार बोटं खाली जाये. बाजूले विहीर होती, तिच्यावर बिजलीची मोटर होती, पन डीपी जळला अन् लाईन गेली. आज येते, उद्या येते, असे आठ दिवस झाले. पाळीवर उभं राहिलं तं जिरा वर येऊन तोंड उघडताना दिसे. सुमन रोज बिजलीच्या हापिसात फोन करे.

तेव्हा त्यानंच म्हनलं, पंपाले माहं इंजिन लावतो.

सहा दिवस त्यानं विहिरीचं पानी बोडीत टाकलं. सकाळी दोन घंटे, सांजी दोन घंटे. साऱ्या गटानं त्याले त्या सहा दिवसात जेवढं जेवू घातलं तेवढं त्यानं बायको गेल्यापासून खाल्लं नसन. सुमनच्या हातचं डोडक्याचं बेसन खाऊन म्हने, सुमनबाई, याचाबी गाळ मलेच ठेवजा. सुमन हासली. त्या सहा दिवसात तिले हासताना मी तेवढंच पाह्यलं.

सातव्या दिवशी त्याले ताप भरला. मी सकाळी गेली तं तो खाटीवर, दात वाजून राहिले. म्हने, डिझलवर चालू कर अन् मंग या तेलावर घे, तुले येते. येत होतं मले. सहा दिवस मी त्याच्याच संग उभी होती. म्हने, मोठ्या ड्रमातलं चूप झालेलं हाय, ते ने. अन् नळी घे.

मी ड्रम बंडीत भुशावर उभा ठेवून, हळू हळू, न हिंदकळू देता बोडीवर नेला. इथपर्यंत माहं बरोबर होतं.

तिथं पोचून पाह्यलं तं नळी संग नव्हती. ती त्याच्या खाटीखाली होती हे मांगून समजलं. परत जाले अर्धा कोस, ऊन चढून राहिलं, जिरा वर आलेला, सुमन पाळीवर कमरेवर हात ठेवून उभी. ती म्हने, मावशी, कायची वाट पाहून राहिल्या?

मंग मी ते केलं जे मी साऱ्या जल्मात दिवसातून दोनदा केलं होतं. भाताची पेज पसवतो ना आपन, गंजाले झाकन लावून हळूच वाकवतो, पानी वरून येते अन् भात खाली राहते. तसंच ड्रमाखाली गोटा लावला अन् हळूच वाकवला. साऱ्याइचे डोळे जिऱ्यावर होते, माह्याकडं कोनी पाह्यलं नाई. तोंडाले पदर धरला. तेल निंगालं, चांगलं, मधावानी. मी संग आनलेला तवा तापवून थेंबबी टाकून पाह्यला. चूप होता. मले बरं वाटलं. मंग अजून वाकवला, अजून वाकवला, अर्धी टाकी भरेपर्यंत, अन् बाकीची डिझलनं भरली.

भात खाली चिटकून राहते. गाळ राहत नाई. ड्रम वाकला का तो खालून उठते अन् तेलात मिसळून येते, अन् पदरातून बारका बारका निंगून जाते. हे मले कोनी सांगा लागत नव्हतं. मी त्या गाळातच हात घालून वर्सं काढले होते. पन हाताले सवय पेज पसवाची होती.

इंजिन पाव घंटा चाललं. मंग खोकललं. धूर काळा झाला, पट्टा घसरला, अन् ते बंद पडलं. कुत्रे उठून गेले.

सुमननं हँडल मारलं, रेखानं मारलं, वच्छलानं मारलं. पारबता जाऊन त्याले घेऊन आली. घोंगडं पांघरून, तिच्या खांद्याले धरून तो आला. त्या उन्हात घोंगडं. खाली बसला, पाना मांगितला, फिल्टर खोलला. आत बेसनाचा काळा लोंदा, बोटभर. त्यानं तो बोटावर घेतला, चोळला. मंग ड्रमाकडं पाह्यलं. ड्रम अजून गोट्यावर तिरपाच होता. मंग माह्या पदराकडं पाह्यलं, तो तेलानं काळा झालेला. मंग माह्याकडं.

सुमन म्हने, "बुवा, काय झालं ते सांगा. आमचा जिरा चालला."

त्यानं बोट घोंगड्याले पुसलं. मंग म्हने, "तेल कच्चं राहिलं. माहीच चूक. मी घाई केली."

मी तिथंच उभी होती. दोन हातावर. माह्या तोंडात आलं होतं, पन बाहेर नाई आलं. सुमनचं तोंड पाह्यलं अन् नाई आलं. कायले नाई आलं हे मी तुमाले सांगू शकत नाई. भेव होतं, एवढंच सांगतो.

त्यानं तापात बसून सारं साफ केलं. बारीक नळी तारेनं मोकळी केली, डिझलनं धुतली. इंजिन सांजी चालू झालं. तोपर्यंत लय उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बोडीच्या काठानं तांदळाची पांढरी कनकी सांडल्यावानी जिरा पडला होता, साऱ्या काठानं. आमी बारा जनी काठावर बसलो. कोनी रडलं नाई. रेखा हातानं पान्यात पानी मारत होती, जसं काई उठून पोहतीन.

चौथ्या दिवशी लाईन आली.

मंग गटाची बैठक झाली. सुमन वाईट बाई नाई, पन बारा घराइचं वर्स गेलं होतं अन् ते कोनाच्या तरी डोक्यावर ठेवा लागते. ती म्हने, गटाराच्या तेलावर आपन भरोसा ठेवला, आपलंच चुकलं. ते नाव बसलं. हाटेलवाल्यानं आयकलं, त्यानंबी गाळ द्याचा बंद केला, म्हने माह्या हाटेलाचं नाव खराब होते. बायाइनं त्याच्या गोवऱ्या घेनं सोडलं. शेजारच्या लेकरानं त्याले रस्त्यात पाह्यलं का म्हने, कच्चं तेल आलं. तो आयके अन् सायकल पुढं ने.

ज्या मानसानं साऱ्या जल्मात एक थेंब कच्चा सोडला नाई, त्याले कच्चं तेल म्हनत.

मी त्याच्याकडं गेली. तो चुलीपुढंच होता, तवा गार. मी म्हनलं, "भाऊ, तू काहून असं म्हनला? मी उद्या बैठकीत सांगतो."

तो म्हने, "सांगू नोको. तुले त्याइच्यात राहाचं हाय. सून त्याइच्या गटात, नातू त्याइच्या पोराइत. मी एकटा हावो, माहं कोन काय काढून घेईन?"

मी म्हनलं, तुहं नाव काढून घेतलं.

त्यानं तवा उचलून भिंतीले टेकवला. म्हने, "ड्रम वाकवाचा नाई, बाई. कधीच वाकवाचा नाई." मंग चहा केला. माह्या कपात साखर जास्त टाकली, मले आवडते म्हून.

मी सांगितलं नाई. त्यानं नोको म्हनलं म्हून नाई सांगितलं, असं मी बरेच दिवस सोताले म्हनत होती. पन त्यानं नोको म्हनलं नसतं तरी सांगितलं असतं का, ते मले माईत नाई.

दोन हिवाळे तो राहिला. इंजिनावर पोतं झाकलेलं राहे. कधी कधी मी जाये तं इंजिनाचं हँडल पुसत बसलेला दिसे. मंग खोकला वाढला, लेक येऊन त्याले कोंढ्याले घेऊन गेली. जाताना त्यानं मले तो चमचा देल्ला. मी तो चटनीच्या डब्ब्यात ठेवला हाय, चटनीच काढतो त्यानं. कोंढ्यालेच तो गेला. मले दुसऱ्या दिवशी समजलं, तोपर्यंत सारं होऊन गेलं होतं. इंजिन भंगारवाला घेऊन गेला. तिघाइनं उचललं तं उचलेना, खोलून तुकडे करून नेलं.

मांगच्या वर्सी मी सुमनले सारं सांगितलं. तिनं आयकून घेतलं. मंग माह्या हातावर हात ठेवून म्हने, "मावशी, तो तुमच्या मायेरचा. तुमी त्याच्यावरचं आपल्यावर घेऊन राहिल्या, मले समजत नाई का?" मी म्हनलं, नाई वो, खरंच मी वाकवला. ती म्हने, बरं, बरं. अन् मले घरापर्यंत सोडाले आली. गावात आता असं म्हनतेत का म्हातारीचं मन मोठं हाय. खोट्याच्या वेळी साऱ्याइनं खरं मानलं, अन् खऱ्याच्या वेळी कोनी मानत नाई.

कोंढ्याले मी दोनदा गेली. पयल्या खेपेस दार बंद होतं. दुसऱ्या खेपेस लेक घरी होती. ती मशीनवर ब्लाऊज शिवते. मले पाहून उठली, पाया पडली, चहा ठेवला. अन् मी बोलाच्या आधी तीच म्हने, "आत्या, बाबाच्या चुकीनं तुमचं एवढं नुकसान झालं, तरी तुमी शेवटपर्यंत त्याइच्याकडं येत राहिल्या. तुमचे उपकार हायेत." मी चहा पेली. कप खाली ठेवला. बस निंगाची वेळ झाली म्हून उठली.

आता माहे गुडघे चालत नाईत. बसच्या पायऱ्या चढनं होत नाई. चौथीपर्यंत शिकली, तेवढ्यावर हे लिहलं, जिथं अडलं तिथं सुनेले विचारलं. सुनेनं सारं वाचलं अन् दिवसभर माह्याशी बोलली नाई. सांजी ताट वाढलं. बस झालं.

तुमी जे कोनी हे वाचून राहिले, तुमाले एक मांगतो. कोंढ्याकडं जानं झालं तं शिवनकाम करनाऱ्या त्या बाईचं घर विचारा, कोनीबी सांगन. तिले हे वाचून दाखवा. सारं नाई वाचलं तरी चालते. एवढंच सांगा का बाबानं तेल कच्चं सोडलं नव्हतं. ड्रम आत्यानं वाकवला.